मुंबई ते जेद्दा : अंतर किती, वेळ किती?

उमऱ्याचे तिकीट घरात आले की ते आधी सगळ्यांच्या हातांतून फिरते. त्यावर लिहिलेले असते : मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी २, जेद्दाला पोहोचण्याची वेळ संध्याकाळी ५. घरातली मुले लगेच म्हणतात, "तीनच तास!" आधी जाऊन आलेली खाला सांगते, "कुठले तीन? चांगले साडेपाच तास बसून होतो आम्ही." तिकीट काढून देणारा सांगतो, साडेतीन हजार किलोमीटर. मोबाईलवर कुणी शोधले तर तिथे २,१८७ मैल दिसतात, आणि दुसरीकडे १,९०० असा आकडा येतो. घरात दहा मिनिटे वाद चालतो.

खरे म्हणजे यातला एकही आकडा चुकीचा नाही. अंतर, उड्डाणाचा वेळ आणि घड्याळातली वेळ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या ओळखता आल्या की नमाजेची वेळ, एहरामाची तयारी, वडीलधाऱ्यांची औषधे आणि विश्रांती यांचे नियोजन सोपे होते. आम्ही भाषेचे शिक्षक असलो तरी भूगोलाचा रिकामा तास अनेकदा आमच्याच वाट्याला येतो. त्या तासाला मुलांपुढे मांडलेले हे गणित या महिन्यात वाचकांसाठी देत आहोत.

एकच अंतर, तीन आकडे

मुंबईच्या विमानतळापासून जेद्दाच्या किंग अब्दुल अझीझ विमानतळापर्यंतचे सरळ अंतर सुमारे ३,५२० किलोमीटर आहे. हेच अंतर आपल्या ओळखीच्या मैलांत मोजले तर सुमारे २,१८७ मैल होते. विमाने आणि जहाजे मात्र सागरी मैल वापरतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्या हिशेबाने आकडा १,९०० वर येतो. आकडा वाचताना त्यापुढे काय लिहिले आहे ते पाहिले की गोंधळ मिटतो.

नागपूरहून जेद्दाचे सरळ अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर भरते. म्हणजे विदर्भातल्या हाजींना मुंबईकरांपेक्षा सहाशे किलोमीटर जास्त उडावे लागते. वेळेत हा फरक पाऊण तासाच्या आसपास येतो.

तीन तास की साडेपाच?

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाची असते. सुटण्याची वेळ मुंबईच्या घड्याळातली आणि पोहोचण्याची वेळ जेद्दाच्या घड्याळातली. भारताचे घड्याळ सौदी अरबच्या अडीच तास पुढे चालते. दुपारी २ वाजता निघालेले विमान साडेपाच तासांनी उतरते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात आणि जेद्दात पाच. म्हणून कागदावर तीनच तास दिसतात.

परतताना उलटे होते. जेद्दाहून रात्री ११ ला निघालेले विमान पाच तासांत मुंबईला येते. तिथे पहाटेचे चार वाजलेले असतात आणि आपल्याकडे साडेसहा. कागदावर साडेसात तास दिसतात. न्यायला जाणाऱ्या मुलांनी तिकिटावरची पोहोचण्याची वेळ जशीच्या तशी घ्यावी. ती आधीच भारतीय वेळ असते, तिच्यात पुन्हा अडीच तास मिळवू नयेत. तारीखही नीट पाहावी, कारण रात्री ११ ला सुटलेले विमान दुसऱ्या तारखेला उतरते.

अडीच तास कुठून आले, हे मुलांना जरूर सांगावे. पृथ्वी एक अंश फिरायला ४ मिनिटे घेते. भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते आणि सौदीची ४५ अंशांवरून. फरक ३७.५ अंशांचा. त्याला ४ ने गुणले की १५० मिनिटे, म्हणजे अडीच तास. पण खुद्द मुंबई आणि जेद्दा यांच्या रेखांशांत साधारण ३३.७ अंशांचेच अंतर आहे. म्हणून सूर्य प्रत्यक्षात सव्वादोन तासांच्याच फरकाने मावळतो. घड्याळ सरकारचे असते, सूर्य अल्लाहच्या हुकमाने चालतो. रोजा आणि नमाज यांचा हिशेब सूर्यावर आहे, हे ध्यानात असू द्यावे.

जाताना जास्त, येताना कमी

मुंबईहून जेद्दाला जायला साधारण सव्वापाच ते साडेपाच तास लागतात आणि यायला पावणेपाच ते पाच. रस्ता तोच असताना असे का?

वर्गात हा प्रश्न विचारला की हुशार मुले म्हणतात, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान वर गेल्यावर जेद्दा आपणहून जवळ यायला हवे!" विचार चांगला आहे, पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते आणि त्या हवेत उडणारे विमानही. धावत्या एसटीत चेंडू वर फेकला तर तो मागच्या सीटवर जात नाही, आपल्याच हातात पडतो. तसेच हे आहे.

खरे कारण वारा. विमाने दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून उडतात. आपल्या भागात त्या उंचीवर, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना हे वारे समोरून येतात, परतताना पाठीमागून. पाचवी-सहावीत नदीतल्या नावेचे गणित असते, ते इथे चपखल बसते. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आणि वाऱ्याचा ८० धरा. जाताना वेग उरला ७७०, येताना झाला ९३०. साडेतीन हजार किलोमीटरला जाताना साधारण ४ तास ३३ मिनिटे लागतील आणि येताना ३ तास ४६ मिनिटे. पाऊण तासाचा फरक वाऱ्यानेच पडला. पावसाळ्यात हे पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकतात आणि भारताच्या दक्षिण भागावर खूप उंचावर पूर्वेकडून वारे वाहू लागतात. त्यामुळे त्या दिवसांत जाण्यायेण्यातला फरक कमी होतो.

आता कुणी विचारेल, हिशेबाने साडेचार तास येतात, मग तिकिटावर साडेपाच का? कारण विमान जागेवरून हलते तेव्हापासून, उतरून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ तिकिटात धरतात. धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणे, सावकाश वर चढणे, उतरताना फेऱ्या मारणे, हे सगळे त्यात येते. शिवाय आकाशातही ठरलेले रस्ते असतात, ते नेहमी दोरीसारखे सरळ नसतात. ३,५२० किलोमीटरला साडेपाच तासांनी भागले तर सरासरी वेग ताशी ६४० च भरतो, त्याचे कारण हेच.

विमानाची वाट आणि किब्ल्याची दिशा

पृथ्वीच्या गोलावर मुंबई आणि जेद्दा यांच्यामध्ये एक दोरा ताणून धरा. तो दोरा म्हणजे सर्वांत जवळची वाट. ती मुंबईहून बरोबर पश्चिमेला निघत नाही, थोडी उत्तरेकडे झुकून निघते. हा झुकाव सुमारे १० अंशांचा आहे. मुंबईतल्या किब्ल्याची दिशाही हीच आहे : पश्चिमेपासून उत्तरेकडे सुमारे १० अंश. मक्का आणि जेद्दा जवळजवळ असल्याने दोन्ही दोरे इथून जवळपास एकच निघतात.

दोऱ्याचा हा प्रयोग न्यूयॉर्कसाठी केला की मुले थक्क होतात. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशात वाट आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाईल असे वाटते. गोलावरचा दोरा मात्र मध्य आशिया, रशिया आणि उत्तर युरोपवरून, ग्रीनलंडच्या बाजूने जातो. न्यूयॉर्कहून मक्का नकाशात आग्नेयेला दिसते, तरी तिथला किब्ला ईशान्येकडे धरतात, तो याच हिशेबाने. सपाट कागदावर गोल पृथ्वी नीट मावत नाही.

आपल्या प्रवासात याचा एक उपयोग होतो. मुंबईहून निघाल्यावर अरबी समुद्र आणि पुढे ओमान ओलांडेपर्यंत किब्ला साधारण विमानाच्या तोंडाकडेच असतो. शेवटी मात्र विमान मक्केच्या उत्तरेकडून पुढे निघून जेद्दाला उतरते. जेद्दा मक्केच्या पश्चिमेला आहे. म्हणजे जेद्दाच्या विमानतळावर किब्ला आग्नेयेकडे येतो. जन्मभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेली आपली माणसे सवयीने तिथेही मावळती शोधू लागतात. तिथल्या नमाजखान्यातील खूण पाहावी किंवा विचारावे.

जहाजाचे दिवस आणि मीकात

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीसाठी हेच अंतर वेगळे होते. मुंबई ते जेद्दा समुद्रमार्ग सुमारे २,३०० सागरी मैलांचा, म्हणजे ४,२६० किलोमीटरचा आहे. जहाजाला अरबस्तानाला वळसा घालून, एडनवरून, बाब-अल-मंदब या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरावे लागते आणि मग उत्तरेकडे जेद्दा गाठावी लागते. ताशी १२ सागरी मैलांनी न थांबता चालले तरी हे आठ दिवस होतात. जुन्या जहाजांना त्याहून जास्तच लागत. कोकणातून, मराठवाड्यातून, खानदेशातून आलेले हाजी आधी मुंबईत साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात उतरत आणि जहाजाची वाट पाहत. १९९५ साली 'अकबरी' या जहाजाची शेवटची फेरी झाली आणि मुंबईहून जाणारा हजचा समुद्रमार्ग बंद झाला.

त्या संथ प्रवासाचा एक फायदा होता. हिंदुस्थानातून जाणाऱ्या जहाजांसाठी यलमलम ही मीकात. जहाज तिच्या समोर येण्याआधी पुरेसा अवधी मिळे. लोक सावकाश गुस्ल करत, एहराम बांधत, दोन रकात पढत आणि मग डेकवर सगळे मिळून तलबिया म्हणत.

विमानात ही सवड नाही. मुंबईहून जेद्दाला जाणारे विमान साधारणपणे ताइफच्या बाजूने येते. तिथली मीकात कर्नुल मनाझिल ही जेद्दाच्या विमानतळापासून सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरवर आहे. पूर्ण वेगातले विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर कापते. उतरणीला लागल्यावर वेग घटतो, तरी मीकात ओलांडल्यापासून वीसेक मिनिटांत चाके जमिनीला टेकू शकतात. मीकात जवळ आल्याची घोषणा विमानात बहुधा होते. पण त्या वेळी कुणी झोपलेले असते, कुणाला नीट ऐकू येत नाही आणि स्वच्छतागृहापुढे तर रांग लागलेली असते.

म्हणून उमऱ्यासाठी थेट जेद्दाला जाणाऱ्यांनी गुस्ल घरीच करावे आणि एहरामाचे कपडे घरी किंवा मुंबईच्या विमानतळावरच घालावेत. मग विमानात मीकात येण्याआधी फक्त नियत आणि तलबिया उरते. घड्याळाचा हिशेबही सोबत ठेवावा : उतरण्याच्या ठरलेल्या वेळेआधी तासभर सावध होऊन बसावे. घोषणेची वाट न पाहता थोडी आधी नियत केली तरी ती चालते, उशीर मात्र चालत नाही. एहरामाशिवाय मीकात ओलांडली आणि परत मीकातवर जाऊन नियत केली नाही, तर दम द्यावा लागतो. ज्यांचे विमान आधी मदीनेला जाते त्यांना वाटेत एहरामाची घाई नाही. ते मदीनेहून मक्केला निघताना जुलहुलैफा इथे एहराम बांधतात.

मुसाफिरची नमाज, मुसाफिरचा रोजा

आपल्या फिकहमध्ये सफरीची हद्द तीन दिवसांच्या चालीवरून किंवा तिच्या जवळपासच्या मापांवरून सांगितली गेली. आजच्या हिशेबात ती सुमारे ८० किलोमीटर धरतात. विमान हे अंतर सहा मिनिटांत कापते. तरीही सवलत तशीच आहे, कारण ती अंतराला जोडलेली आहे, वेळेला किंवा थकव्याला नाही. साडेपाच तासांच्या आरामाच्या प्रवासातही चार फर्जांची नमाज दोन फर्ज होते.

एकाच विमानात कोकणातले शाफई आणि देशावरचे हनफी शेजारी बसलेले असतात. शाफईंना सफरीत जोहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र पढण्याची मुभा आहे. हनफी प्रत्येक नमाज तिच्या वेळेत पढतात. शेजाऱ्याने वेगळे केले म्हणून गोंधळू नये. मुंबईतच राहणाऱ्याची सफर शहराची हद्द सोडल्यावर सुरू होते, हेही लक्षात ठेवावे. दुपारी २ च्या विमानाला जोहर विमानतळावर पढून घेता येते. असरची काळजी घ्यावी लागते. डिसेंबरात जेद्दाला मगरिब पावणेसहाच्या आसपास होते. पाचला उतरून सामान आणि तपासणीच्या रांगेत उभे राहिले तर असर निसटू शकते. ती विमानातच पढून घ्यावी हे बरे.

रमजानात पश्चिमेकडे जाणाऱ्याचा रोजा लांबतो. मुंबईत सहरी करून जेद्दात इफ्तार केले तर सव्वादोन तास वाढतात. परतीच्या दिवशी तेवढेच कमी होतात. संध्याकाळच्या विमानात बसलात तर खिडकीतून एक गंमत दिसते. या अक्षांशावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,५७० किलोमीटरने पूर्वेकडे फिरतो आणि विमान त्याच्या साधारण निम्म्या वेगाने पश्चिमेकडे जाते. त्यामुळे सूर्य साधारण निम्म्याच वेगाने उतरताना दिसतो. शिवाय इतक्या उंचीवरून क्षितिज खाली दिसते, म्हणून खाली जमिनीवर मगरिब झाल्यावरही दहा-पंधरा मिनिटे सूर्य दिसत राहतो. मनगटावरचे मुंबईचे घड्याळ किंवा खालच्या गावाची वेळ पाहून रोजा सोडू नये. आपल्या खिडकीतला सूर्य बुडाला की इफ्तार. मुसाफिरला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहेच. वय झालेल्यांनी आणि आजाऱ्यांनी ती घेण्यात कमीपणा मानू नये.

प्रवास घरापासून मोजा

आता खरा हिशेब. रत्नागिरीचे एक वयस्क जोडपे धरा. दुपारी २ च्या विमानासाठी सकाळी १० पर्यंत विमानतळावर हजर राहायचे. महामार्गाचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्री ११ ला घर सोडायचे. घर सोडल्यापासून विमान सुटेपर्यंत १५ तास झाले. विमानात साडेपाच. जेद्दाला तपासणी आणि सामानाला दोन तास, तिथून मक्केपर्यंत सुमारे १०० किलोमीटरच्या बस प्रवासात थांबे धरून आणखी दोन. एकूण साडेचोवीस तास! त्यात विमानाचा वाटा चौथ्या हिश्श्याहूनही कमी. मक्केत तेव्हा रात्रीचे नऊच वाजलेले असतात, पण त्यांच्या शरीराच्या घड्याळात साडेअकरा झालेले असतात आणि आदल्या रात्रीची झोपही झालेली नसते.

नेमक्या याच वेळी गटातले तरुण उठतात आणि म्हणतात, "चला, उमरा करून घेऊ." तवाफचे सात फेरे आणि सफा-मरवातली तीन किलोमीटरहून जास्त चाल समोर असते. एहरामात राहून आधी काही तास झोपणे, खाणे, औषध घेणे आणि फजरनंतर किंवा गर्दी कमी असताना उमरा करणे, याला कोणतीही आडकाठी नाही. एहरामाची बंधने तेवढा वेळ पाळायची, इतकेच. गटाच्या प्रमुखाला हे निघण्याआधीच सांगून ठेवावे. ऐनवेळी म्हाताऱ्या माणसांना "आम्हाला थकवा आला" असे सांगायचा संकोच वाटतो आणि ती निमूट मागे चालू लागतात.

औषधांचेही तेच. जायच्या दिवशी दिवस अडीच तासांनी लांबतो. मधुमेहाचे इंजेक्शन किंवा रक्तदाबाची गोळी कोणत्या घड्याळाने घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारून कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावे. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत नव्हे. विमानात तास-दीड तासाने उठून चार पावले चालावे आणि पाणी पीत राहावे.

आणि निघण्याआधी घरातल्या मुलांना एक काम द्यावे. एका कागदावर तीन रकाने आखून घ्यावेत : मुंबईची वेळ, मक्केची वेळ, आणि त्या वेळी दादा-दादी कुठे असतील. घर, विमानतळ, उड्डाण, मीकातची तयारी, जेद्दा, बस, मक्का, सगळे त्यात उतरवावे. एक प्रत दादांच्या खिशात आणि एक घरच्या भिंतीवर. मुलांचे गणित आणि भूगोल दोन्ही पक्के होतील आणि रात्री दहाला फोन लागला नाही तरी घरात कुणी घाबरणार नाही. मक्केत तेव्हा साडेसात वाजलेले असतील आणि बस अजून वाटेतच असेल.